चालता चालता रुसणारी गाडी

घरात जुनी गाडी असणे म्हणजे एखादी मानी आत्याबाई घरात असण्यासारखेच. चार दिवस सगळे गोडीगुलाबीने, आणि पाचव्या दिवशी भर सात रस्त्याच्या चौकात रुसून बसायचे! मागे हॉर्नचा गजर, शेजारी सासूबाई, मागच्या सीटवर मुले. पाच-दहा मिनिटांनी किल्ली फिरवावी, तर काही झालेच नाही अशा थाटात सुरू! घरी सांगितले की उत्तर ठरलेले, “तू चालवलीस म्हणून बंद पडली.”

गॅरेजमध्ये न्यावी तर तिथे ती शहाण्या मुलीसारखी चालते. मग मिस्त्री म्हणतो, “वहिनी, पंप बदलून बघू.” पंपानंतर कॉईल, कॉईलनंतर कार्बोरेटर. हे ‘बदलून बघू’ प्रकरण फार महाग पडते हो! अधूनमधून होणारे दुखणे डॉक्टरसमोर दिसत नाही, तेव्हा ते कधी होते हे घरच्यांनीच सांगावे लागते. गाडीचेही तसेच.

माझ्या ओळखीत ज्या जुन्या गाड्या आहेत त्यांत पद्मिनीच जास्त. ती तशी आपल्याच नात्यातली. ती बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले. कंपनी १९४४ सालची. कुर्ल्याच्या कारखान्यातल्या ह्या फियाटला पद्मिनी हे नाव १९७४ च्या सुमारास मिळाले, आणि २००० च्या आसपास तिचे उत्पादन थांबले. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेतला. पण आपल्याकडे अजून काही घरांच्या पडवीत ती आहे, सासऱ्यांची आठवण म्हणून.

तिची रचना सोपी आहे. पेट्रोलची टाकी मागे, इंजिन पुढे. इंजिनाला टेकून बसवलेला छोटा पंप रबरी पडद्याच्या हालचालीने पेट्रोल ओढतो आणि कार्बोरेटरला देतो. त्याला दाब लागतो तो चौरस इंचाला तीन-चार पौंडांचा, अगदी बेताचा. सोलापूरकरणीला दाब म्हणजे काय ते समजावून सांगायला नको! नळाला पाणी आलेले असते, बादली भरते, पण गच्चीवरच्या टाकीत चढत नाही. पंप थकला किंवा फिल्टर तुंबला की गाडीचेही असेच होते. सपाटीवर धावते, चढावर किंवा वेगात दम सोडते.

तेव्हा पहिली गोष्ट बघा, ती मरते कशी? बटण दाबून दिवा विझवावा तशी एकदम बंद पडली तर बहुधा विजेचा दोष, म्हणजे कॉईल, कंडेन्सर किंवा एखादी सैल वायर. आचके देत, रॉकेल संपत आलेल्या स्टोव्हसारखी फुरफुरत गेली, तर पेट्रोल पोचत नाही. खात्री करायची तर इंजिन बंद असताना, जवळपास कोणाची बिडी-काडी नाही हे बघून, एअर क्लीनर काढायला सांगा. एकाने अ‍ॅक्सिलरेटर दाबावा, दुसऱ्याने कार्बोरेटरच्या तोंडात थोडे लांबूनच बघावे. पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर पेट्रोल आहे, नाही तर नाही.

दुसरी गोष्ट, बंद पडण्याची वेळ. होटगी रोडच्या माझ्या एका मैत्रिणीने हे फार छान शोधून काढले. तिची पद्मिनी तुळजापूरला जाताना घाटाच्या अलीकडे हटकून थांबायची. प्लग, कॉईल, पंप, सगळे नवे घालून झाले. शेवटी दुधाचा हिशेब लिहितो त्या कॅलेंडरवर तिने नोंदी सुरू केल्या. किती किलोमीटरनंतर, कोणत्या वेळी, टाकी किती भरलेली. उन्हाचा दोष म्हणावा, तर गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, थंडीच्या सकाळीही गाडी थांबलेली. मात्र एक गंमत दिसली. वाटेत पेट्रोल भरले की पुढे ती विनातक्रार जाई. मग पेट्रोल भरताना असे काय होते? टाकीचे झाकण उघडते! पुढच्या वेळी गाडी थांबताच तिने नुसते झाकण उघडले, तर ‘सूंऽऽ’ करून हवा आत शिरली. पेट्रोल बाहेर जाते तेवढी हवा टाकीत यायला हवी, नाही तर पंप कितीही नवा असो, ओढणार काय? टाकीला हवा देणाऱ्या बारीक नळीत कुंभारमाशीने मातीचे घर केले होते. तारेने साफ केली, खर्च शून्य.

दर वेळी इतके स्वस्तात सुटत नाही. मे महिन्यात पारा ४३-४४ वर गेला की गरम इंजिनाजवळच्या नळीत पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफच घुसळत बसतो. बॉनेट उघडून सावलीत अर्धा तास थांबावे, पंपावर आणि नळीवर ओले फडके ठेवावे, विजेच्या वायरींपासून जपून. तापलेल्या इंजिनावर पाणी मुळीच ओतू नये.

अलीकडे आणखी एक भर पडली आहे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागले आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळते. इथेनॉल आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतही होते, तेव्हा रागवायचे कोणावर! पण जुन्या रबराला ते मानवत नाही. नळ्या मऊ पडतात किंवा तडकतात, टाकीतला जुना गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो. इथेनॉलला चालतील अशाच नळ्या आणि पंपाचा पडदा घाला, असे मिस्त्रीला स्पष्ट सांगावे. ते पाणीही शोषते, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या गाडीत जुने पेट्रोल ठेवू नये.

आणि नवा पंप घ्यायच्या आधी, “दाबाचे गेज लावून आकडा दाखवा,” एवढे म्हणायला संकोच करू नका. इंजेक्शनच्या गाडीत मात्र हा दाब चाळीस पौंडांच्या घरात असतो, तिथली नळी घरी कोणी सोडू नये.

ऑइलची काडी काढून कधीमधी वास घेत जा. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइल आपोआप वाढलेले दिसले, तर पंपाचा पडदा फाटलेला असू शकतो. अशी गाडी सुरू न करता ओढूनच गॅरेजमध्ये न्यावी.