शिळी बातमी आणि कामाची वाटणी

कुपत खोलिममध्ये वेळ ठरविणे असो वा बँकेतील खाते पाहणे असो, आज आपले काम बहुधा अनेक संगणक वाटून घेतात. वाटणी चुकली, की आपण ताटकळतो. हा प्रश्न आपल्याच जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात प्रा. अम्नोन बराक यांनी हाती घेतला, हे वाचकांस सांगताना आम्हांस आनंद होतो. त्यांच्या ‘मोसिक्स’ प्रणालीत भारावलेल्या संगणकावरील चालू काम उचलून हलक्या संगणकाकडे नेले जाते.

पण हलका कोण, हे कळावे कसे? निरोप पोहोचेपर्यंत स्थिती पालटलेली असते. सर्वांना एकच शिळी बातमी मिळाली, तर सारे त्याच मोकळ्या संगणकाकडे धावतात आणि तोच सर्वांत जड होऊन बसतो.

बराक व शिलोह यांनी १९८५ साली यावर साधा उपाय मांडला. प्रत्येक संगणकाने थोड्यांचीच माहिती बाळगावी, ठरावीक काळाने चिठ्ठी टाकल्यागत निवडलेल्या एकास तिच्यातील निम्मी कळवावी. नवी येताच जुनी गळून पडावी. पुढे १९९७ साली अमेरिकेतील मायकेल मिट्झेनमाकर यांनी गणिताने दाखविले, की माहिती शिळी असता सर्वांत हलका शोधण्यापेक्षा सहज दोन निवडून त्यांतील हलक्यास काम देणे पुष्कळदा श्रेयस्कर ठरते.

उशिरा आलेल्या बातमीवर सर्वांनी एकदम धाव घेऊ नये, हेच आम्हांस यातील मर्म वाटते.