इसब आणि अतिनील प्रकाश : ऊन औषध कधी होतं?

आजचा विषय त्वचेच्या एका विकाराचा आणि बोलणारा माणूस तत्त्वज्ञान शिकवलेला. तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकतो : उपचार कोणता घ्यायचा हे तुमचे डॉक्टर ठरवतील. मला बोलायचंय ते त्यामागच्या विचाराबद्दल.

इसब, म्हणजे एक्झिमा, झालेल्या माणसाला डॉक्टरांनी प्रकाशोपचार सुचवला की घरात साधारण दोन प्रतिक्रिया उमटतात. एक म्हणते, "किरणं? नको रे बाबा, कॅन्सर व्हायचा!" दुसरी म्हणते, "प्रकाशच घ्यायचा तर गच्चीवर ऊन काय कमी आहे? पैसे कशाला घालवायचे?" या प्रतिक्रिया एकमेकींच्या उलट दिसतात. पण दोघींनी एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली आहे, की प्रकाश ही एकच वस्तू आहे. ती एकतर चांगली किंवा एकतर वाईट. आज आपल्याला हे गृहीतकच तपासायचं आहे.

आधी रोग समजून घेऊ. आपण बोलतोय तो मुख्यतः अ‍ॅटोपिक प्रकारचा इसब. तो बहुधा लहानपणी सुरू होतो, कोपराच्या-गुडघ्याच्या खोबणीत ठाण मांडतो, आणि घरात दमा किंवा सर्दीची अ‍ॅलर्जी असेल तर जास्त आढळतो. यात दोन गोष्टी बिघडतात. त्वचेचा वरचा थर तटबंदीचं काम नीट करत नाही. ओलावा बाहेर जातो आणि नको त्या गोष्टी आत येतात. आणि त्वचेतल्या संरक्षक पेशी, विशेषतः टी-पेशी, गरज नसताना दंगा करतात. त्यातून खाज, खाजेतून ओरखडे, ओरखड्यांतून तटबंदी आणखी ढासळते आणि पुन्हा खाज. रात्र-रात्र न झोपलेलं मूल आणि त्याच्या उशाशी बसलेली आई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना 'नुसती खाज तर आहे' असं म्हणवत नाही.

यावर पहिला उपाय ओलावा टिकवणारी मलमं आणि जरुरीपुरतं स्टेरॉइडचं मलम. त्यानं भागत नसेल आणि इसब अंगभर असेल, तर पुढची एक पायरी म्हणजे प्रकाशोपचार.

आता प्रकाश. डोळ्यांना दिसणाऱ्या जांभळ्या रंगाच्या पलीकडे, ४०० नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरींचा जो पट्टा आहे तो अतिनील. त्याचेही भाग आहेत. ३२० ते ४०० नॅनोमीटर म्हणजे यूव्हीए. हा त्वचेत खोलवर जातो. २८० ते ३२० म्हणजे यूव्हीबी. हा बहुतांशी वरच्याच थरात अडतो. त्याहून आखूड ते यूव्हीसी. सूर्याकडून येणारा हा भाग वातावरणातच अडवला जातो. क्ष-किरण यांच्या कितीतरी पलीकडचे, शरीरातून आरपार जाणारे. म्हणजे प्रकाशोपचार हा एक्स-रे नाही, आणि कॅन्सरवर देतात ती रेडिएशनही नाही. पहिल्या प्रतिक्रियेचा निम्मा गोंधळ 'किरण' या एका शब्दानं केलेला आहे.

प्रकाशानं त्वचा बरी करण्याची कल्पना नवी नाही. बावचीचं बी आणि ऊन यांची जोडी आपल्याकडे पांढऱ्या डागांसाठी फार जुन्या काळापासून वापरली जाते. बावचीत सोरालेन नावाची द्रव्यं असतात आणि ती त्वचेला अतिनील प्रकाशासाठी अधिक संवेदनशील करतात, हे रसायनशास्त्रानं पुढे दाखवलं. युरोपात डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांनी त्वचेच्या क्षयावर कार्बन-आर्क दिव्याचा प्रकाश वापरला. त्यांना १९०३ चं नोबेल पारितोषिक मिळालं. १९७० च्या दशकात सोरालेन आणि यूव्हीए यांची जोडी, म्हणजे 'पूवा', आधी सोरायसिससाठी आणि मग इसबासाठीही वापरात आली.

पण इथे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यानं हात वर करायला हवा. समजा एखादा रोगी पंधरा दिवस समुद्रकाठी राहून आला आणि त्याचा इसब कमी झाला. उन्हानं झाला, हे कशावरून? तिथे तो कामावर नव्हता, झोप पुरी होत होती, हवा वेगळी होती, घरातली धूळ नव्हती. आपल्या न्यायशास्त्रात याला नेमका शब्द आहे : उपाधी. 'जिथे अग्नी तिथे धूर' हे विधान खरं वाटतं, पण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. धुरासाठी इंधन ओलं असावं लागतं. ते ओलं इंधन म्हणजे उपाधी. श्रेय अग्नीला मिळतं आणि काम तिसऱ्याच गोष्टीनं केलेलं असतं. उन्हाच्या बाबतीत हे ओलं इंधन कसं ओळखायचं?

गोळीच्या बाबतीत सोपं आहे. औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी द्यायची. पण खोटा प्रकाश कसा देणार? २००१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या एका चाचणीचा अहवाल आला, त्यात याचं सुंदर उत्तर आहे. मध्यम ते तीव्र इसब असलेल्या सत्तरेक प्रौढांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. एकाला अरुंद पट्ट्याचा यूव्हीबी, दुसऱ्याला यूव्हीए, आणि तिसऱ्याला साधा, डोळ्यांना दिसणारा ट्यूबलाइटचा प्रकाश. आठवड्यातून दोनदा, १२ आठवडे. खेपा घालणं सगळ्यांना सारखंच, दिव्यांसमोर उभं राहणंही सारखंच. फरक फक्त लहरींचा.

निकाल काय लागला? साध्या प्रकाशाच्या गटातही बऱ्याच जणांना खाज कमी वाटली. हीच ती उपाधी! पण अरुंद पट्ट्याच्या यूव्हीबीनं त्याच्यापेक्षा स्पष्ट जास्त गुण दिला. यूव्हीएचा फायदा मात्र साध्या प्रकाशाहून खात्रीनं वेगळा म्हणता येईल इतका निघाला नाही. म्हणजे 'प्रकाशानं इसब बरा होतो' हे वाक्य अपुरं आहे. 'या लहरींनी, या मात्रेत, या रोग्यांना गुण येतो' हे विधान ठरतं.

'अरुंद पट्टा' म्हणजे साधारण ३११ ते ३१३ नॅनोमीटर. हाच का निवडला? सोरायसिसवर १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की २९० नॅनोमीटरपर्यंतच्या आखूड लहरी त्वचा भाजतात पण गुण देत नाहीत. उपयोगी पट्टा त्याच्या पुढे सुरू होतो. मग भाजणारा भाग वगळून उपयोगी भाग देणाऱ्या नळ्या तयार झाल्या, आणि पुढे इसबालाही त्या लागू पडल्या. त्वचेत हा प्रकाश काय करतो? दंगा करणाऱ्या टी-पेशींच्या डीएनएवर आघात करून त्यांना संपवतो, प्रतिकारशक्तीचा सूर खाली आणतो, आणि इसबाच्या त्वचेवर माजलेल्या स्टॅफिलोकोकस जिवाणूंची संख्याही कमी करतो.

आता दुसऱ्या प्रतिक्रियेकडे येऊ : गच्चीवरचं ऊन. उन्हात यूव्हीबी असतो, पण अतिनील भागात त्याचा वाटा थोडा. बाकी बहुतेक यूव्हीए. तोही सकाळी वेगळा, दुपारी वेगळा, श्रावणात वेगळा, वैशाखात वेगळा. खिडकीच्या काचेआड बसलात तर यूव्हीबी जवळजवळ सगळा काचेतच अडतो. शिवाय उन्हाबरोबर घाम येतो, आणि घाम हा इसबाचा वैरी. दवाखान्यात मात्रा मोजून देतात, दर चौरस सेंटिमीटरला इतके मिलिज्यूल अशी. त्वचेचा वर्ण पाहून किंवा छोट्या तुकड्यावर चाचणी करून सुरुवात कमी मात्रेनं, सुरुवातीला काही सेकंद ते एखाद-दोन मिनिटं. लाली आली तर थांबायचं, नाही तर हळूहळू वाढवायचं. आठवड्यातून दोन-तीनदा, काही महिने. गच्चीवर हे मोजणार कोण?

आणि आपल्या मातीतलं एक उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. गाजर गवत, ज्याला लोक काँग्रेस गवतही म्हणतात, १९५० च्या दशकात पुण्यात दिसलं आणि देशभर पसरलं. त्याच्या कणांच्या अ‍ॅलर्जीनं चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर इसब उठतो; शेतात राबणाऱ्या माणसांना विशेष. यातल्या बऱ्याच रोग्यांची त्वचा पुढे उन्हालाच बिथरते. म्हणजे नाव इसबच, पण इथे ऊन औषध नाही, आगीत तेल आहे. शेजाऱ्याचा इसब उन्हानं बरा झाला म्हणून आपणही उन्हात बसणं म्हणजे नाव एक म्हणून रोग एक मानणं.

मग पहिल्या प्रतिक्रियेतली भीती सगळीच खोटी का? नाही. जो प्रकाश टी-पेशीचा डीएनए तोडतो, तो इतर पेशींचाही तोडू शकतो. पूवाच्या शेकडो खेपा घेतलेल्या, मुख्यतः गोऱ्या रोग्यांमध्ये त्वचेचा कॅन्सर वाढलेला आढळला आहे, हे लपवायचं कारण नाही. अरुंद पट्ट्याच्या यूव्हीबीबद्दल स्कॉटलंडमध्ये ३८६७ रोग्यांचा मागोवा घेतला. तिथे तशी स्पष्ट वाढ दिसली नाही. तरीही सावधगिरी म्हणून किती खेपा झाल्या याची नोंद ठेवतात, डोळ्यांवर गडद चष्मा देतात, पुरुषांचं जननेंद्रिय झाकतात. ल्युपससारखा आजार असेल, सायक्लोस्पोरिनसारखं औषध चालू असेल, तर हा उपचार सहसा टाळतात. आपल्या वर्णाच्या त्वचेवर काळसरपणा येतो, तो पुढे बहुधा उतरतो. पण लग्नाच्या मुलीच्या घरी तेवढ्यासाठी उपचार अर्धवट सोडतात, म्हणून आधीच सांगितलेलं बरं.

एक सावधगिरीची गोष्ट राहिली. करोनाच्या काळात 'यूव्ही' नावाचे जंतुनाशक दिवे घरोघरी आले. ते यूव्हीसीचे, साधारण २५४ नॅनोमीटरचे. ते इसबाचे दिवे नव्हेत. त्यांनी त्वचा आणि डोळे भाजतात. 'यूव्ही' ही दोन अक्षरं पाहून कुणी ते अंगावर धरू नये.

तेव्हा डॉक्टरांकडे जाल तेव्हा 'प्रकाश चांगला की वाईट' असं विचारू नका. त्या प्रश्नाला उत्तर नाही. विचारा : माझा इसब नेमका कोणत्या प्रकारचा? उन्हात तो वाढतो का, हे तपासलं का? कोणता पट्टा देणार, किती खेपा, आणि आधीच्या खेपांची नोंद कुठे राहील? माझी चालू असलेली औषधं याला चालतील का? आणि मलमं चालू ठेवायची की थांबवायची? एवढं कागदावर लिहून खिशात ठेवा. तिथे गेल्यावर आठवत नाही, हा सगळ्यांचाच अनुभव आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.