कोयता एक, माणसं दोन

ऊसतोडीला आपल्याकडून नवरा-बायको जोडीनं जातात आणि मुकादमाच्या वहीत दोघांचा मिळून एकच कोयता लिहितात. नवरा ऊस तोडतो, बाई मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवते. उचल मात्र त्याच्या नावावर. मागं गटाच्या बैठकीत एकीनं विचारलं, “ताई, संविधानात तरी आम्हाला वेगळं मोजलंय का?”

मोजलंय. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपलं बीड निजामाच्या राज्यात होतं. 26 जानेवारी 1950 ला संविधान लागू झालं आणि कलम 326 नं प्रत्येक सज्ञान माणसाला एक मत दिलं. जमीन किती, शाळा किती शिकलीस, नवरा कोण, काही विचारलं नाही. तरी पहिल्या निवडणुकीत देशातल्या जवळपास 28 लाख बायांची नावं यादीतून गळाली. का? तर त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच. म्हणजे हक्क मिळाला, पण नाव नव्हतं.

कामाचं म्हणाल, तर कलम 23 वेठबिगारीला बंदी घालतं. वेठबिगारी म्हणजे साखळदंडच हवेत असं नाही. 1982 साली सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीतल्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितलं, की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत राबवून घेणं हीसुद्धा वेठबिगारीच. बाई-पुरुषाला समान कामाचा समान दाम, हे कलम 39 मध्ये आहे. पण ते सरकारसाठीचं मार्गदर्शक तत्त्व, नुसतं ते दाखवून कोर्टात दाद मिळत नाही. त्यासाठी 1976 साली वेगळा कायदा करावा लागला. मोळी बांधणं हे ‘समान काम’ धरायचं की मदत, यावर फडात आजही वाद घालावा लागतो, हे मी लपवत नाही.

आणि ग्रामसभा. 1993 पासून ती संविधानातच आहे. गावच्या मतदार यादीत जिचं नाव, ती ग्रामसभेची सदस्य. सरपंचाच्या बोलावण्याची वाट बघायची गरज नाही. आपली अडचण वेगळीच. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला आपलं निम्मं गाव फडावर असतं. म्हणून 1 मेची सभा धरा, तोवर बहुतेक टोळ्या परततात. आपल्या राज्यात ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते. तिथं ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र मागा. नवऱ्याचं निघालंय म्हणून गप्प बसू नका, तुमच्या नावाचं वेगळं मागा. येताना आधार कार्ड आणा, अर्ज लिहायला मी दारातच बसलेली असेन.