जुन्या बसचा नवा संसार – लेखांक ५ : दोन विजा, एक बस

मागच्या भागात सीटा उचकटल्या आणि आतला पत्रा उघडा पडला. आता त्यामागून डोकावणाऱ्या वायरींकडे वळू.

गिरगावपासून दादरपर्यंतच्या माणसाला लाल बस दिली बेस्टने आणि घरची वीजही बेस्टनेच. म्हणूनच की काय, चाळीतला वायरमन बसलाही चालेल असं आपल्याला वाटतं. चालत नाही. घरात येते ती २३० व्होल्टची एसी. मोठ्या बसमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्टची डीसी असते, लहान स्कूलबसमध्ये पुष्कळदा नुसती १२. आधी मीटर लावून बघा.

कमी व्होल्ट म्हणजे कमी धोका, हे शॉकपुरतं खरं. आगीच्या बाबतीत उलटं. हजार वॉटची किटली घरात साडेचार अँपिअरच्या आत भागवते. तीच २४ व्होल्टच्या बॅटरीवर इन्व्हर्टर लावून चालवली तर पंचेचाळीसच्या आसपास अँपिअर ओढते. लोहार चाळीतून आणलेली घरगुती अडीच स्क्वेअर एमएमची वायर बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत सहा मीटर टाकलीत, तर जाऊन-येऊन बारा मीटर तांब्यात दीडशेहून जास्त वॉट नुसते तापण्यात जातात. तेही तुम्ही हौसेने लावलेल्या प्लायमागे, थर्माकोलला टेकून! म्हणून इन्व्हर्टर बॅटरीच्या शेजारीच हवा, केबल जाड आणि आखूड, आणि फ्यूज बॅटरीच्या प्लसला जितका चिकटून बसवता येईल तितका. फ्यूज यंत्रासाठी नसतो, वायरीसाठी असतो. घरची एमसीबीही इथे लावू नका. डीसीची ठिणगी तिला सहजी तोडता येत नाही.

आमच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या डोक्यावरचं कव्हर काढलं तेव्हा तीन वायरी एकत्र पिळून काळ्या टेपात गुंडाळलेल्या दिसल्या. टेप सोलली तर गोंद बोटांना चिकटला; आत तांबं हिरवं पडलेलं. कॅमेरा, ट्रॅकर, टेपरेकॉर्डर, जे जे नंतर आलं ते तिथेच टोचलेलं. शिवाय टेपरेकॉर्डरसाठी १२ व्होल्ट हवे म्हणून कुणीतरी दोनपैकी एकाच बॅटरीवरून टॅप काढला होता. गॅरेजची ही आवडती युक्ती. एक बॅटरी रोज उपाशी, दुसरी ओव्हरचार्ज. दोन्ही लवकर मरतात. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर घ्या, लॅमिंग्टन रोडवर मिळतो.

जुनी वायरिंग सरसकट कापू नका. हेडलाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर, वायपर, स्टार्टर यांच्या वायरींवर चिठ्ठ्या लावा, मग बाकीच्या काढा. नवीन संसारासाठी बॅटरी वेगळीच ठेवा, नाहीतर रात्री पंखा फिरेल आणि सकाळी इंजिन नाही.

या वेगळ्या बॅटरीचा आकार लोडवरून ठरतो, आणि लोड बसच्या नव्या कामावरून. बस बदलून वापरण्यात नवल नाही. पुण्यात पीएमपीच्या जुन्या बसमध्ये 'ती' स्वच्छतागृहं झाली, मुंबईत १९८८ साली सुरू झालेल्या डोअर स्टेप स्कूलचे वर्ग बसमध्येही भरतात. आमच्या बसची होतेय फिरती अभ्यासिका : चार बीएलडीसी पंखे, चार एलईडी ट्यूब, मिळून दोनशे वॉट. संध्याकाळचे चार तास धरले तर आठशे वॉट-तास, म्हणजे २४ व्होल्टवर तेहतीस अँपिअर-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करायची नाही, म्हणून सदुसष्ट. आम्ही शंभरच्या दोन घेतल्या.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, अर्थिंग. बसची मूळ वायरिंग परतीची वाट बॉडीतून काढते. नव्या वायरिंगला मात्र प्लस-मायनस दोन्ही वायरी ओढा. आणि बाहेरून २३० चं कनेक्शन घेतलंत तर बॉडी अर्थला जोडा, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लावा. रबरी टायरांवर उभी बस जमिनीपासून तुटलेली असते. फेज कुठे बॉडीला लागला तरी आतल्या माणसाला काही कळत नाही. पावसात हिंदमाताला साचलेल्या तळ्यात पाय ठेवून दरवाज्याचा दांडा धरणाऱ्याला मात्र कळतं.

बसमध्ये असा बदल करताना मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाकडे आधी बघा आणि आरटीओत विचारा. पुढच्या आठवड्यात टपावरचं पॅनेल. तोवर बॅटरीची मायनस केबल काढून ठेवा, आणि मगच पत्र्यात हात घाला.