भिंतीवरचा पहारेकरी

श्रोतेहो, अमेरिकेच्या थंड प्रांतांत आपलीं कितीतरी कुटुंबें राहतात. त्यांच्या घरांतील भट्टी केव्हां पेटावी, केव्हां विझावी, हें भिंतीवरील थर्मोस्टॅट ठरवितो. जुना काढून वेळापत्रक पाळणारा बसवा म्हटलें, कीं शंका येते: घर निवूं दिल्यावर पुन्हां तापविण्यांत सारी बचत जाणार नाहीं काय? मुळींच नाहीं. आंतबाहेरच्या तपमानांत अंतर जितकें थोडें, तितकी उष्णतेची गळती कमी. रोज ८ तास ७ ते १० अंश फॅरनहाइट उतरविल्यास वर्षाच्या खर्चांत १० टक्क्यांपर्यंत बचत होऊं शकते, असें तेथील ऊर्जा खातें सांगतें. उन्हाळ्यांतील थंडाव्यासही हाच न्याय, उलट दिशेनें. हीट पंप असेल तर मात्र जपावें: सकाळीं एकदम तपमान चढविल्यास जोडीची विजेची शेगडी पेटते, आणि ती फार खर्चिक. तेथें अशा पंपासाठींच बनविलेला थर्मोस्टॅट घ्यावा.