विश्लेषण : महागाई वाढली की शेअर बाजार का घसरतो? रोख्यांशी त्याचा संबंध काय?

४ मे २०२२ च्या दुपारी रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी पतधोरण बैठकीच्या ठरलेल्या वेळापत्रकाची वाट न पाहता रेपो दर ४ वरून ४.४० टक्के केल्याचे जाहीर केले. सेन्सेक्स त्या दिवशी १,३०७ अंशांनी कोसळला. एलआयसीची समभाग विक्री नेमकी त्याच सकाळी सर्वसामान्यांसाठी खुली झाली होती. डीमॅट खाते उघडून पहिल्यांदाच बाजारात उतरलेल्या अनेकांचे स्वागत हे असे झाले.

रिझर्व्ह बँकेला घाई का झाली?

मार्चमधील किरकोळ महागाई दर ६.९५ टक्के होता. बँकेला घालून दिलेली वरची मर्यादा ६ टक्के. एप्रिलचा आकडा तर ७.७९ टक्के निघाला. दरवाढीच्या दिवशीच दहा वर्षे मुदतीच्या सरकारी रोख्यांचा परतावा दर, म्हणजे ‘यील्ड’, सुमारे पाव टक्क्याने वाढून ७.३८ टक्क्यांवर गेला.

यील्ड वाढते म्हणजे काय होते?

येथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. समजा, हजार रुपयांचा दहा वर्षांचा रोखा वर्षाला ७० रुपये व्याज देतो. बाजारात ८ टक्के मिळू लागले, तर हा जुना रोखा हजाराला कोण घेईल? त्याची किंमत साधारण ९३३ रुपयांवर येते. किंमत उतरली की यील्ड चढते.

मग समभागांना फटका कशाने?

समभागाचे मोल भविष्यातील नफ्यावर ठरते आणि तो नफा आजच्या भावात मोजावा लागतो. दहा वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत १० टक्के दराने ३८.५५ रुपये, तर १२ टक्क्यांनी ३२.२० रुपये. थेट सोळा टक्क्यांची घट. हेच १०० रुपये वर्षभरातच मिळणार असतील तर फरक दीड रुपयाचा. म्हणूनच ‘नफा पुढे कधीतरी’ म्हणणाऱ्या कंपन्या अशा काळात जास्त आपटतात.

शिवाय ‘पी/ई’ २० असलेला समभाग म्हणजे भावाच्या ५ टक्के कमाई. सरकारी हमीचे ७ टक्के समोर असताना नफा वाढण्याची खात्री नसेल, तर ही जोखीम महागच. परदेशी गुंतवणूकदारांचा हिशेब अमेरिकी रोख्यांशी असतो. २०२२ च्या सुरुवातीला दीड टक्क्याच्या आसपास असलेले तेथील दहा वर्षांचे यील्ड ऑक्टोबरमध्ये ४ टक्क्यांपुढे गेले.

यील्ड चढे असले की बाजार पडतोच?

नाही. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सेन्सेक्सने प्रथमच ६३ हजारांवर मुक्काम केला, तेव्हाही यील्ड ७ टक्क्यांच्या वर होते. कर्जाची मागणी वाढल्याने बँकांचा नफा सुधारत होता आणि ऑक्टोबरमध्ये ‘एसआयपी’तून आलेली रक्कम प्रथमच १३ हजार कोटींपुढे गेली होती.