दुभाषी घरातलाच होता

गोठणगावच्या तिबेटी वसाहतीत कोणी कॅमेरा घेऊन आलं की वाटाड्या म्हणून आम्हा तालुका वार्ताहरांपैकी कोणाला तरी हाक येते. इटियाडोह धरणाजवळची ही नोर्ग्येलिंग वसाहत 1972 सालची. 1999 मध्ये भंडारा जिल्हा फुटला आणि अर्जुनी मोरगाव तालुका गोंदियात गेला, पण धरमशालेचे काय नि बैलकुप्प्याचे काय, तिबेटी लोक तिला अजून ‘भंडारा’च म्हणतात.

काही वर्षांपूर्वी माहितीपटवाली मंडळी आली ती डिसेंबरात, ऊन कोवळं असतं म्हणून. येऊन बघतात तर घरोघरी कुलपं! दिवाळी झाली की इथल्या बाया लुधियानाचा माल उधारीवर उचलतात आणि शहरोशहरी स्वेटर विकायला बसतात, हे फोनवर सांगून झालं होतं. असो. म्हातारी माणसं होती, त्यांनाच गाठायचं ठरलं. विषय होता, तिबेटमधून पलायनात बायकांवर झालेले अत्याचार.

एक आजी जपमाळ घेऊन अंगणात बसल्या. दुभाषी त्यांचा नातू, कॉलेजात शिकणारा गुणी पोरगा. दिग्दर्शकानं थेटच विचारलं, चिनी शिपायांनी बायकांशी काय केलं? आजी बोलल्या, थांबल्या, पुन्हा बराच वेळ बोलल्या. नातू म्हणाला, “लय तरास झाला म्हनते.” झालं. कॅमेरा बंद.

आत चहा टाकताना सून मला म्हणाली, “नातवासमोर थे कशी सांगनार, भाऊ? शिपायाचं तिनं काहीच नाही सांगितलं. गिट्टीचं सांगत होती.”

गिट्टीचं म्हणजे हिमालयातल्या रस्त्यांचं. 1959 मध्ये दलाई लामांच्या मागोमाग सुमारे ऐंशी हजार तिबेटी भारतात आले. त्यांतले हजारो डोंगरातल्या रस्त्यांच्या कामावर लागले, बायाही. सुनेनं सांगितलं ते असं: आजी दिवसभर गिट्टी फोडायच्या, तान्हं पोर कडेला फडक्यावर. सुरुंगाची हाळी आली की धावत जाऊन त्याला पोटाखाली घ्यायचं आणि पालथं पडायचं. धूळ बसली की पुन्हा हातोडा. म्हातारपणाची ही अतिशयोक्ती म्हणावी, तर मे 1960 मध्ये जम्मूकडच्या अशाच कामांवरून 51 मुलं धरमशालेला पोचली होती, आजारी आणि खंगलेली. दलाई लामांच्या थोरल्या बहिणीनं, त्सेरिंग डोल्मा यांनी, त्यांना सांभाळायला घेतलं. पाहुण्यांना छळ हवा होता तो सीमेपलीकडचा. अलीकडचा त्यांच्या संहितेत बसत नव्हता.

आता आमच्या धंद्याचं. 10 मार्च हा ल्हासाच्या उठावाचा दिवस, त्याची बातमी फोटोसकट लागते. 12 मार्चची पाठवली की डेस्कवरून फोन: “परवाच लावली ना तिबेट्यांची? तेच ते.” तेच ते कसं? 12 मार्च 1959 ला ल्हासात पोताला राजवाड्याच्या पायथ्याशी हजारो बाया जमल्या होत्या. भारतीय वकिलातीकडेही त्यांनी मदत मागितली. त्यांच्या पुढारी पामो कुसांग यांना आधी तुरुंग आणि पुढे देहदंड झाला. फोनवर एवढं सांगेपर्यंत पान सुटलेलं असतं.

हे तिबेटी बायांपुरतंच नाही. तालुक्यातल्याच अरुणनगर-गौरनगरात पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं आहेत. तिथं येणारा प्रत्येक जण जमिनीचे पट्टे आणि जातीचे दाखले विचारतो, उत्तर घरचा कर्ता देतो, आणि म्हातारी दारातून ऐकते. तिला विचारायचं कोणाच्या यादीतच नसतं.

म्हणून इकडे येणाऱ्यांना विनंती. दुभाषी बाई आणा. मुलगा, नातू, जावई नको. दिवाळीनंतर येऊ नका. आणि डेस्कवरच्या मित्रांनो, यंदा 12 मार्चची बातमी पाठवीन, सिंगल कॉलम दिलात तरी चालेल.